दुसरीची जखम

बंगळूरच्या पूर्व भागात जो काही वर्षे राहिला आहे, त्याला विमानांच्या आवाजाची सवय होऊन जाते. एखादे लढाऊ विमान चाचणीसाठी वर चढते. वर्गात शिकवणारा अध्यापक वाक्याच्या मध्यावर थांबतो आणि आवाज विरला की त्याच वाक्याचे उरलेले टोक हाती घेतो. कुणी वर पाहत नाही. हलसूर तलावाजवळ मद्रास सॅपर्सचे केंद्र आहे. येलहंका येथे १९९६ पासून भरत आलेले हवाई प्रदर्शन पाहायला लोक मुलांना घेऊन हौसेने जातात. युद्धाची एवढी सामग्री घडवणाऱ्या या शहराने स्वतंत्र भारताचे एकही युद्ध आपल्या अंगणात पाहिलेले नाही. येथे युद्ध येते ते वर्तमानपत्रातून, दूरध्वनीवरून, क्वचित तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीतून.

या आवाजाचा उगम शोधत गेले तर मराठी वाचक सोलापूरला पोहोचतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, डिसेंबर १९४० मध्ये येथे विमानांचा कारखाना सुरू केला. त्याच काळात त्याच सोलापुरात कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींची वसाहत होती: तारेचे कुंपण, हजेरी, परवान्याशिवाय बाहेर पडण्यास बंदी. अशा कुंपणाविषयी मराठीत एका स्त्रीने कादंबरी लिहिली. तिच्याकडे मी पुढे वळणार आहे. तूर्त एवढेच नोंदवतो की, युद्ध आणि आघात यांविषयी स्त्रिया काय लिहितात हा प्रश्न अलीकडे परिसंवादांतून वारंवार विचारला जातो. पण कुणाची जखम कोण सांगते आणि त्या सांगण्याची किंमत कोण भरते, हा अधिक अडचणीचा प्रश्न बहुधा चहापानाच्या वेळेपर्यंत राहून जातो. बंगळूरशी संबंधित दोन लेखिकांनी, शशी देशपांडे आणि माधुरी विजय यांनी, हा दुसरा प्रश्न आपल्या कादंबऱ्यांच्या गाभ्याशी ठेवला आहे. दोघीही इंग्रजीत लिहितात. तरी मराठी समीक्षेने त्यांच्याकडे लक्ष द्यावे असे मला वाटते, त्याची कारणे लेखाच्या ओघात येतील.

आधी शब्दांविषयी थोडे. ‘ट्रॉमा’ हा शब्द मुळात ग्रीक असून त्याचा अर्थ शरीराला झालेली जखम असा होता. मनाच्या जखमेसाठी तो पुढे वापरात आला. आपण त्याला ‘आघात’ हा प्रतिशब्द योजून मोकळे झालो. आघात म्हणजे तडाखा, एका क्षणात घडून संपणारी गोष्ट. मराठी बोलीत मात्र या अनुभवाच्या पायऱ्या दाखवणारे शब्द आहेत. घाव हा घालणाऱ्याचाही असतो आणि सोसणाऱ्याचाही, व्रण चिघळतो, वण जन्मभर राहतो. यांच्या मध्ये खपली असते. खपली धरते तेव्हा बाहेरून सारे बरे दिसते, आणि ‘खपली काढणे’ हा आपल्या भाषेत बऱ्यापैकी निर्दय वाक्प्रचार आहे. ज्या साहित्याला आज आघाताचे साहित्य म्हणतात, त्यातील बराचसा भाग हा खपली काढण्याचा उद्योग आहे. स्वतःची खपली काढणे हा ज्याचा त्याचा अधिकार. दुसरीची काढताना मात्र हात थरथरला पाहिजे. तो थरथरतो की नाही, हा मी येथे कस म्हणून वापरणार आहे.

रणांगणावरचे वर्णन म्हणजे युद्धसाहित्य, ही समजूत आपल्याकडे पोवाड्यांनी आणि बखरींनी दृढ केली. त्यांत स्त्रिया आहेत, पण त्या निरोप देतात, वाट पाहतात, सती जातात किंवा अपवाद म्हणून घोड्यावर बसतात. स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी दुसऱ्या महायुद्धात प्रत्यक्ष लढलेल्या सोव्हिएत स्त्रियांच्या आठवणी गोळा करून १९८५ मध्ये पुस्तकरूपाने मांडल्या, तेव्हा त्या विजयाच्या अधिकृत कथनात न बसणाऱ्या ठरल्या. लढणाऱ्या स्त्रीचीही आठवण जिथे अडचणीची ठरते, तिथे न लढलेल्या स्त्रीच्या आठवणीला युद्धाची आठवण म्हणून मान्यता मिळणे दूरच. फाळणीत पळवल्या गेलेल्या स्त्रियांना ‘परत मिळवण्यासाठी’ भारताने १९४९ मध्ये कायदा केला. त्या स्त्रियांना परतायचे होते का, हे विचारण्याची तरतूद त्यात नव्हती. उर्वशी बुटालिया आणि रितू मेनन व कमला भसीन यांची या विषयावरील पुस्तके १९९८ मध्ये आली. मधली जवळजवळ पन्नास वर्षे खपली धरलेली होती.

मराठीत या प्रश्नाची सुरुवात एका घरात सापडते. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ मधली. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावरची निर्वासित ज्यू हेर्टा, तिच्यात गुंतलेला चक्रधर; आगामी महायुद्धाची चाहूल मराठी कादंबरीने किती लवकर टिपली याचा आपण रास्त अभिमान बाळगतो. बेडेकरांच्या पत्नी मालतीबाई. ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने त्यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) लिहिले आणि महाराष्ट्रात गदारोळ उडाला. त्या नावाआड कोण आहे याची शोधाशोध झाली. १९५० मध्ये त्यांची ‘बळी’ प्रसिद्ध झाली. गुन्हेगार जमातींचे तारेच्या कुंपणातील जगणे हा तिचा विषय. ‘रणांगण’ युद्धकादंबरी म्हणून शिकवली जाते, ‘बळी’ सामाजिक कादंबरी म्हणून. या वर्गीकरणाला माझी हरकत आहे. माणसांना जन्मावरून गुन्हेगार ठरवून कुंपणात कोंडणे, त्यांची हजेरी घेणे, त्यांच्या मुलांना वेगळे वाढवणे, ही युद्धकैद्यांना लागू करावयाची व्यवस्था आहे; ती १८७१ च्या कायद्याने शांततेच्या काळात लागू झाली, म्हणून तिला आपण युद्ध म्हणत नाही, इतकेच.

पण ‘बळी’ मला येथे महत्त्वाची वाटते ती वेगळ्या कारणाने. मालतीबाईंना हे जग परिचित होते कारण १९३० नंतरच्या दशकात त्या खात्याच्या सरकारी नोकरीत होत्या. म्हणजे कुंपणाची किल्ली ज्यांच्या हाती असते, त्यांच्या बाजूला त्या उभ्या होत्या. कादंबरीत ही जागा पुसून टाकलेली आहे. निवेदन सर्वसाक्षी आहे, करुणा खरी आहे, निरीक्षण तर त्या काळच्या मराठी कादंबरीत दुर्मिळ म्हणावे इतके अचूक आहे. तथापि पाहणारी कुठे उभी राहून पाहते, हे वाचकाला कळत नाही. १९५० मध्ये ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, हे मान्य. तरी ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये आपल्याच वर्गातील स्त्रियांचे दुःख सांगताना ज्या लेखिकेला नाव लपवावे लागले, तिला दुसऱ्यांचे दुःख सांगताना आपली जागा लपवावीशी वाटली, हा योगायोग मला अस्वस्थ करतो.

शशी देशपांडे या पाहणारीला कादंबरीत ओढून आणतात आणि आरोपीच्या जागी उभे करतात. त्या १९३८ मध्ये धारवाडला जन्मल्या. वडील कन्नड नाटककार श्रीरंग, आई मराठी. दीर्घकाळ त्यांचे वास्तव्य बंगळूरला. गौरी देशपांडे यांची एक लघुकादंबरी त्यांनी मराठीतून इंग्रजीत नेली आहे. साहित्य अकादमीचा १९९० चा पुरस्कार त्यांच्या ‘दॅट लाँग सायलेन्स’ला मिळाला आणि अभ्यासक्रमांतून तीच कादंबरी सर्वत्र लागली; त्यामुळे त्या मध्यमवर्गीय विवाहातील घुसमटीच्या लेखिका, असा शिक्का त्यांच्यावर बसला. माझ्या मते त्यांची अधिक धीट कादंबरी ‘द बाइंडिंग व्हाइन’ ही आहे. ती १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी आली.

तिची निवेदिका ऊर्मिला ही प्राध्यापिका आहे. तिची तान्ही मुलगी नुकतीच गेली आहे. अशा मनःस्थितीत तिच्यासमोर दोन स्त्रियांच्या जखमा येतात. एक तिची कधी न पाहिलेली सासू मीरा, जी बाळंतपणात मेली; एका जुन्या पेटीतून तिच्या कन्नड कविता आणि वह्या मिळतात, आणि त्यांतून कळते की नवऱ्याचा रोजचा स्पर्श हा तिला बलात्कारच होता. दुसरी कल्पना, मुंबईतील कष्टकरी घरातली तरुण मुलगी, बलात्कारानंतर बेशुद्धावस्थेत इस्पितळात पडलेली. पोलिसांना हे प्रकरण अपघात म्हणून नोंदवणे सोयीचे वाटते. येथे अरुणा शानबाग प्रकरण कोणत्याही मुंबईकर वाचकाला आठवेल. नोव्हेंबर १९७३ मध्ये के.ई.एम. रुग्णालयातील या परिचारिकेवर हल्ला झाला. आरोपीला शिक्षा झाली ती प्राणघातक हल्ल्याबद्दल आणि चोरीबद्दल, बलात्कार खटल्यात आलाच नाही. १८ मे २०१५ रोजी त्या वारल्या. बेचाळीस वर्षे एक स्त्री खाटेवर होती आणि तिच्यावर नेमके काय झाले, याची कायदेशीर नोंद अपुरीच राहिली.

तेव्हा बोलले पाहिजे, अशी वाचकाची भावना होते. ऊर्मिलेचीही होते. ती मीरेच्या कवितांचे भाषांतर करून त्या प्रसिद्ध करायचे ठरवते. कल्पनेचे प्रकरण वर्तमानपत्रांपर्यंत जाते. आणि येथेच कादंबरी आपल्याला सुखासुखी पुढे जाऊ देत नाही. कल्पनेची आई शकुताई हात जोडते, हे कुठे बोलू नका म्हणते; तिला दुसरी मुलगी आहे, तिचे लग्न व्हायचे आहे. मीरेच्या बाबतीत ऊर्मिलेची मैत्रीण आणि नणंद वना तिच्यावर घरच्यांशी द्रोह केल्याचा आरोप ठेवते. प्रकरण उघड झाल्यावर शकुताईच्या घरातील आणखी एका स्त्रीचा जीव जातो. ऊर्मिलेचे काही चुकले असे कादंबरी म्हणत नाही. बरोबर होते असेही म्हणत नाही. पापाला वाचा फुटलीच पाहिजे, हे सूत्र आपल्या स्त्रीवादी समीक्षेने जवळजवळ मंत्रासारखे स्वीकारले आहे. शकुताईचे जोडलेले हात त्या मंत्राच्या आड येतात. ऊर्मिलेला इंग्रजी येते, नोकरी आहे, नवरा जहाजावर नोकरीला असून दूर आहे. वाचा फुटल्यावर तिचे काय जाणार आहे? जाते ते शकुताईचे.

या कादंबरीवर एक आक्षेप मात्र मी घेतो, आणि तो मराठी वाचकालाच सुचू शकतो. शकुताई मराठी बोलते. तिच्या प्रत्येक इंग्रजी वाक्याखाली मूळ मराठी वाक्य वाहत असल्याचे आपल्याला जाणवत राहते: तिचे ‘बाई’, तिचे ‘नशीब’, अब्रूविषयीचे तिचे सारे बोलणे. छापील पानावर मात्र तिची भाषा आणि ऊर्मिलेची भाषा एकाच इस्त्रीखालून निघाल्यासारखी होते. मीरेच्या कवितांचेही तेच. त्या कन्नडात असल्याचे आपल्याला सांगितले जाते, वाचायला मिळतात त्या इंग्रजीतच. भारतीय इंग्रजी कादंबरीची ही नेहमीची अडचण, असे म्हणून हा मुद्दा सोडता येत नाही. कारण ‘दुसरीच्या वतीने कोण बोलते’ हाच जिचा विषय आहे, त्या कादंबरीत दुसरीची भाषा हरवणे हे आशयाचेच उणेपण होय. लेखिकेला याची जाणीव असावी. ऊर्मिला भाषांतर करताना वारंवार अडते, आणि अडल्याचे सांगते. हात थरथरतो तो असा.

ज्या स्त्रीची जखम तीच सांगते, तिच्यापुढे हा प्रश्न उरत नाही, असे वाटेल. बेबी कांबळे यांचे उदाहरण उलट साक्ष देते. ‘जिणं आमुचं’ १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ मध्ये पुस्तक झाले. फलटणच्या आपल्या दुकानात बसून, सामान बांधायच्या कागदांवर, घरच्यांपासून लपवून त्यांनी हे लिहिले. जवळपास वीस वर्षे ते लपलेलेच होते. महार समाजातील स्त्रीचे उपासमारीचे, बाळंतपणाचे, सासुरवासाचे जे दर्शन या पुस्तकात आहे, त्याला मराठी आत्मकथनात तोड नाही. पण लेखिकेचा स्वतःचा संसार त्यात जवळजवळ नाही. माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये आला. त्याला जोडलेल्या मुलाखतीत कांबळे यांनी सांगितले की, नवऱ्याची मारहाण त्यांच्याही वाट्याला आली होती, पण पुस्तक समाजाच्या दुःखाचे होते, म्हणून ती लिहिली नाही.

या खुलाशाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. काही अभ्यासक त्यात दडपण पाहतात: समाजाच्या लढ्यापायी स्त्रीने आपली जखम मागे ठेवली. तसे असेलही. तथापि मला त्यात लेखकाचा निर्णय दिसतो. आपण कोणाच्या वतीने बोलत आहोत हे एकदा ठरवल्यावर, त्या ‘आम्ही’ला जे देता येणार नाही ते त्यांनी वगळले, आणि पुढे विचारल्यावर सरळ सांगितले. ‘आमुचं’ हे शीर्षकातले अनेकवचन त्यांनी इतक्या काटेकोरपणे पाळले. आजचे वाचन मात्र स्त्रीच्या आत्मकथनाकडून उघड्या व्रणाची मागणी करते. तो दिसला नाही तर पुस्तक अपुरे मानते. हा वाचकाचा लोभ आहे, आणि समीक्षकही त्यातून सुटलेला नाही.

गप्प राहणे केव्हा सोसणे असते आणि केव्हा साथ देणे असते, हा प्रश्न शशी देशपांडे यांच्यापुढे कादंबरीबाहेरही आला. ३० ऑगस्ट २०१५ रोजी त्यांच्या जन्मगावी, धारवाडला, एम. एम. कलबुर्गी यांची हत्या झाली. त्याविषयी साहित्य अकादमी मौन पाळते, हे कारण देऊन ऑक्टोबरमध्ये त्यांनी अकादमीच्या सर्वसाधारण परिषदेचा राजीनामा दिला. त्याच महिन्यात पुढे अकादमीने हत्येच्या निषेधाचा ठराव केला. एखाद्या अकादमीच्या ग्रंथात हे लिहिताना संकोच वाटावा असे यात काही नाही. ‘दीर्घ मौन’ हे जिच्या पुरस्कृत कादंबरीचे नाव, तिने पुरस्कार देणाऱ्या संस्थेला मौनाबद्दल विचारले, हा त्या पुरस्काराचाच सन्मान होय.

माधुरी विजय यांची ‘द फार फील्ड’ (२०१९) पुढल्या पिढीची. लेखिका बंगळूरच्या, त्या वर्षीचा जेसीबी पुरस्कार या पहिल्याच कादंबरीला मिळाला. शालिनी ही बंगळूरच्या सुखवस्तू घरातील मुलगी. आई तिखट जिभेची, कुणालाही न जुमानणारी. तिच्याकडे बशीर अहमद नावाचा काश्मिरी कपडेविक्या येत असे, गोष्टी सांगत असे, आणि त्या रागीट बाईच्या चेहऱ्यावर हसू उमटत असे. आईच्या मृत्यूनंतर शालिनी त्याला शोधत काश्मीरच्या वाटेने निघते, किश्तवाडला पोहोचते, तिथून डोंगरातील एका गावी. लोक तिला घरात घेतात. ज्या घरी ती प्रथम उतरते, तिथला मुलगा कधीच नाहीसा झालेला आहे.

एवढ्यावरून ही कादंबरी काश्मीरच्या दुःखाविषयीची सहानुभूतीची कादंबरी असावी, असा समज होईल. ती नेमकी सहानुभूतीचीच उलटतपासणी आहे. शालिनीला युद्धाचे काही पडलेले नाही. तिला आईचे कोडे सोडवायचे आहे. आपल्या दुःखाला दुसऱ्याच्या दुःखाचा आसरा मिळाला, म्हणून ती तिथे रमते. पाहुणी म्हणून तिला मिळालेला जिव्हाळा ती आपलेपणा समजते. आणि अखेरीस त्या डोंगरातील एक माणूस नाहीसा होतो, त्यात तिच्या बोलण्याचा आणि न बोलण्याचा वाटा असतो. ती बंगळूरला परतू शकते. तेथील माणसे कुठे परतणार? काही वर्षांनी, तिशी गाठल्यावर, ती हे सारे सांगायला बसते. तोपर्यंत ती गप्प होती. विमानाच्या आवाजाने वर न पाहणाऱ्या शहराची ही कबुली आहे, असे मी या कादंबरीकडे पाहतो. कबुलीने गेलेला माणूस परत येत नाही, हेही तिला ठाऊक आहे. कादंबरीचा उत्तरार्ध काहीसा लांबला आहे, आणि काही ठिकाणी डोंगरातील माणसे शालिनीच्या शिक्षणासाठीच जन्मल्यासारखी वागतात. हा दोष लहान नाही. पण सांगणारी निष्पाप नसते, हे इतक्या थंड डोक्याने सांगणारी भारतीय कादंबरी माझ्या वाचनात दुसरी नाही.

तिच्या शेजारी आणखी एक पुस्तक ठेवून पाहावे. फेब्रुवारी १९९१ मध्ये कुनान आणि पोशपोरा या गावांतील स्त्रियांनी सैनिकांवर सामूहिक बलात्काराचा आरोप केला; लष्कराने तो सतत नाकारला. त्या घटनेविषयी २०१६ मध्ये पाच काश्मिरी तरुणींनी मिळून पुस्तक लिहिले. त्या बाहेरच्या नाहीत, तरी त्या रात्रीच्याही नाहीत. खपलीला हात लावण्याचा संकोच त्यांनाही चुकलेला नाही. फरक इतकाच की, लिहून झाल्यावर परतायला त्यांना दुसरे शहर नाही.

शशी देशपांडे यांची ‘स्मॉल रेमेडीज’ (२०००) मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. कालक्रमाने ती मध्ये यायला हवी होती. पण या लेखातील सारे प्रश्न तिच्यात अधिक गुंतलेल्या रूपात येतात, आणि मला ती त्यांची सर्वश्रेष्ठ कादंबरी वाटते. १९९२-९३ च्या मुंबईची सावली तिच्यावर आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील दंगली, मग १२ मार्चचे बॉम्बस्फोट, त्यांत २५७ माणसे गेली. या काळाचे मराठी स्त्रीलेखनातील पडसाद मोजके आहेत. शांता गोखले यांच्या ‘त्या वर्षी’ (२००८) या कादंबरीवर अशा हिंसेची छाया आहे, आणि ती मिळायला हवी तितकी चर्चा तिला मिळालेली नाही, हे जाता जाता म्हणून ठेवतो.

‘स्मॉल रेमेडीज’मधील मधू ही एका गायिकेचे चरित्र लिहायला लहान गावी आली आहे. गायिका म्हणजे ग्वाल्हेर घराण्याच्या सावित्रीबाई इंदोरेकर. मधूचा एकुलता मुलगा बसमधील स्फोटात गेला आहे. वर्तमानपत्राच्या दृष्टीने हे दंगलीच्या पर्वातले आणखी एक मरण. मधूच्या दृष्टीने त्याची सुरुवात घरातल्या एका वाक्यापासून होते. कोवळ्या वयात घडलेली, कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट तिने नवऱ्याला सांगितली. त्या सांगण्याने घर फाटले, आणि त्या फाटलेल्या घरातून मुलगा पेटलेल्या शहरात बाहेर पडला. स्फोट कुणी घडवला याचा तपास पोलीस करतील. आपण बोललो नसतो तर तो घरात असता का, याचा तपास मधूलाच करायचा आहे, आणि त्याला अंत नाही. युद्ध स्त्रीच्या पानावर कसे येते, ते येथे दिसते: शहर जळण्याचे वर्णन मोजक्या ओळींत, आणि त्याआधीचे घरातले वाक्य शेकडो पाने पुरणारे. ज्यांना ही कादंबरी ‘घरगुती’ वाटते, त्यांनी ही पाने पुन्हा वाचावीत.

आता चरित्राचे काम. सावित्रीबाई सारे सांगतात: गुरू, तालीम, मैफली, मानसन्मान. ज्यांच्यासाठी त्यांनी ब्राह्मण सासर सोडले त्या तबलजी गुलामसाबांचे नाव त्या घेत नाहीत. त्यांची मुलगी मुन्नी, तिचेही नाव नाही. मधू ही मुन्नीची बालपणची सोबतीण. तिला सगळे ठाऊक आहे. शिवाय आणखी एक गोष्ट तिला ठाऊक आहे. ज्या बसमध्ये तिचा मुलगा होता, त्याच बसमध्ये मुन्नीही होती.

चरित्रकाराने काय करावे? मुन्नीला वगळले, तर आईने केलेले पुसणे पक्के होते. तिला सावित्रीबाईंची आणि गुलामसाबांची मुलगी म्हणून लिहिले, तर मुन्नीशीच द्रोह होतो. कारण त्या जन्मापासून सुटण्यासाठी तिने आयुष्यभर धडपड केली, नाव बदलले, दुसऱ्या ओळखीने जगली. मेलेल्या स्त्रीला तिची ‘खरी’ ओळख परत देणारी मी कोण, हा मधूचा पेच आहे. सावित्रीबाई मात्र रोज ठरल्या वेळी येऊन बसतात, आणि मधू वही उघडते. एकीच्या तोंडून मुलीचे नाव निघत नाही, दुसरीच्या तोंडून मुलाचे. दोघींमध्ये चर्चा चालते ती रागांची.